दादरऐवजी भायखळा

वाचकाचे पत्र (संक्षेपाने):

मी अहमदपूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक असून निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. माझी चोवीस वर्षांची मुलगी आठ महिन्यांपासून मुंबईत परळच्या एका कार्यालयात हिशेब विभागात नोकरी करते आणि डोंबिवलीत आणखी तीन मुलींबरोबर भाड्याच्या घरात राहते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी शिक्षकांच्या मोर्चासाठी एकदा आझाद मैदानावर आलो होतो. तेव्हा दोनशे सहकारी बरोबर होते आणि मुंबई आवडली होती. गेल्या महिन्यात मात्र मुलीकडे चार दिवस राहिलो आणि मन धास्तावून परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धिविनायकाला जाण्यासाठी आम्ही सव्वाआठला निघालो. दोन लोकल सोडाव्या लागल्या. मुलगी महिलांच्या डब्यात चढली, मी पुरुषांच्या. सुरक्षित म्हणून आत सरकलो, तर दादरला उतरताच आले नाही आणि थेट भायखळ्याला पोचलो. एक जण सर्वांसमोर ओरडला, ‘‘काका, दादरला उतरायचं होतं तर आत कशाला गेलात?’’ फोन लागत नव्हता. (एका मुलाने पिशवी पुढे धरायला सांगितले होते आणि भायखळ्याला एका गृहस्थांनी पलीकडच्या फलाटावर नेऊन दादरची गाडी दाखवली.) वीस-पंचवीस मिनिटांनी दादरला मुलगी भेटली. काही त्रास झाला नाही, असेच मी तिला सांगितले. ती एवढेच म्हणाली, ‘‘बाबा, उद्यापासून आपण अकरानंतर निघू.’’ चार दिवसांत एकानेही ‘कोण, कुठले’ असे विचारले नाही, शेजारच्या दाराला तर कुलूपच होते. चार मुली जमिनीवर गाद्या घालून झोपतात. हे शहर माणसाला माणूस समजत नाही, असे माझे मत झाले आहे. लातूरला कमी पगाराची का होईना, नोकरी मिळू शकेल. मुलीला परत बोलवावे का? पत्नी म्हणते, आधी तिला विचारा.

उत्तर:

आदरणीय सर,

प्रश्नाचे थेट उत्तर आधी देते. त्या चार दिवसांच्या भरवशावर मुलीला परत बोलावू नका. परंतु तुम्हाला जे दिसले ते सगळे नवखेपणातून दिसले, असेही मी म्हणणार नाही. त्यातील एक भाग पूर्णपणे खरा आहे आणि त्याविषयी मुलीशी लवकर बोलले पाहिजे. कोणता भाग खरा आणि कोणता पहिल्या धक्क्याचा, हे निवडून काढण्यासाठी मी तुमचे पत्र तीनदा वाचले.

पहिल्या वाचनातच एक गोष्ट खटकली. ओरडणाऱ्या माणसाला तुम्ही मूळ पत्रात तब्बल सात ओळी दिल्या आहेत, आणि ज्या गृहस्थांनी सकाळी पावणेदहाच्या सुमारास, म्हणजे कार्यालयातला लेटमार्क डोक्यावर टांगलेला असताना, जिना चढून-उतरून तुम्हाला पलीकडच्या फलाटावर आणून सोडले, त्यांची बोळवण एका कंसात केली आहे. तुमच्या शाळेतील एखाद्या मुलाने असा निबंध लिहिला असता, तर तुम्ही समासात नक्कीच काही टिपणी केली असती. मी तुम्हाला दोष देत नाही. अनोळखी ठिकाणी अपमान आधी लक्षात राहतो आणि मदत नंतर आठवते, हा अनुभव आपणा सर्वांचाच आहे. परंतु ‘हे शहर माणसाला माणूस समजत नाही’ हा निष्कर्ष तुम्ही ज्या पुराव्यावर काढला, त्याच पुराव्यात त्याचे खंडनही आहे, एवढेच निदर्शनास आणते.

ओरडणाऱ्याचे समर्थन करण्याची माझी इच्छा नाही, तरी त्याच्या बोलण्यामागचे व्यवहारज्ञान सांगते. दादरला जलद लोकल जेमतेम अर्धा मिनिट थांबते. तेवढ्या वेळात उतरणाऱ्यांनी उतरायचे आणि चढणाऱ्यांनी चढायचे असते, त्यामुळे दादरला उतरणारा माणूस घाटकोपर गेले की दाराच्या दिशेने सरकू लागतो आणि पुढच्याच्या खांद्याशी वाकून ‘दादर?’ असा एकच शब्द विचारतो. त्या एका शब्दात तुम्ही दादरला उतरणार आहात का, नसाल तर मला पुढे जाऊ द्याल का, हे सगळे सामावलेले असते. आपल्याकडच्या एसटीत आत सरकणारा प्रवासी शहाणा ठरतो, कारण वाहक घंटी वाजवतो आणि आतला माणूस उतरेपर्यंत गाडी थांबते. लोकलमध्ये तोच शहाणपणा अंगाशी येतो. तुम्ही आयुष्यभर बरोबर ठरलेला नियम वापरलात, तो तिथे लागू नव्हता, एवढाच त्या सकाळचा अर्थ आहे.

माझ्यावरही असाच प्रसंग ओढवला होता. १९८७ साली मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसने मी पहाटे दादरला उतरले, तेव्हा हातात वळकटी, पितळी डबा आणि गोरेगावच्या मामाचे पोस्टकार्ड होते, ज्यावर ‘दादरला उतरून एक नंबरवर थांब’ एवढाच मजकूर होता. मी एक नंबरवर दीड तास उभी राहिले. मामा येईना, आणि हजारो माणसे माझ्याकडे न पाहता पुढून जात होती. शेवटी एका हमालाने स्वतःहून विचारले, ‘‘कुठला एक नंबर? सेंट्रलचा की वेस्टर्नचा?’’ दादरला मध्य आणि पश्चिम अशा दोन रेल्वे शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हींचे फलाट तेव्हा एकपासून मोजले जात, हे मला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. पूल ओलांडून गेले, तर मामा पश्चिमेच्या एक नंबरवर संतापून उभा होता. त्या रात्री मी आईला पत्र लिहिले, की इथे सख्खा मामासुद्धा वेळेवर येत नाही. हा दोन-दोन नंबरांचा घोळ रेल्वेला निस्तरायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. आता मध्य रेल्वेच्या दादरच्या फलाटांचे क्रमांक आठपासून सुरू होतात. ती बातमी वाचताना मला मामाचा तो चेहरा आठवला.

आता तुमच्या भीतीच्या खऱ्या भागाकडे येते. डोंबिवलीहून सकाळी सव्वाआठला निघणे हे मुंबईतील सर्वांत कठीण प्रवासांपैकी एक आहे, यात मुळीच अतिशयोक्ती नाही. ऐन गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात प्रत्येक चौरस मीटरला १४ ते १६ माणसे उभी असतात, असे रेल्वेचाच हिशेब सांगतो. आपल्या बाजेएवढ्या जागेत पंचवीसहून अधिक माणसे उभी आहेत, अशी कल्पना करून पाहा. ९ जून २०२५ रोजी सकाळी याच मार्गावर मुंब्र्याजवळ दारात उभे असलेले प्रवासी धावत्या लोकलमधून खाली पडले आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. तुमची मुलगी ज्या परळला उतरते, त्या स्थानकाला शेजारच्या एल्फिन्स्टन रोडशी, म्हणजे आजच्या प्रभादेवीशी, जोडणाऱ्या अरुंद पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ जण दगावले. त्यानंतर तिथे लष्कराकडून नवा पूल बांधून घेण्यात आला. ‘मुंबईकरांना सवय असते’ असे म्हणून या गोष्टी झटकून टाकणारे लोक मला आवडत नाहीत. सवय झाली म्हणून धोका कमी होत नाही.

परंतु ही गर्दी कुठून आली, हेही एका शिक्षकाला सांगितले पाहिजे. परळ-लालबागचा हा भाग म्हणजे गिरणगाव. इथले कामगार गिरणीच्या भोंग्याच्या हाकेवर चाळीतून चालत कामाला जात, त्यांना लोकलची फारशी गरज पडत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर, ज्यात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते, एकेक गिरणी बंद पडत गेली आणि पुढे त्याच जमिनींवर कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. काम करणारी माणसे आता डोंबिवली, बदलापूर, विरार येथून येतात, पण स्थानके आणि पूल मात्र पुष्कळ वर्षे चालत येणाऱ्यांच्या काळातलेच राहिले. तेव्हा तुमच्या छातीवर त्या दिवशी जो दाब आला, तो मुंबईकरांच्या स्वभावातून आलेला नव्हता. घर एकीकडे आणि काम चाळीस किलोमीटरवर, अशी जी मांडणी झाली आहे, तिचा तो दाब होता. त्यामुळे ‘हे शहर कसे आहे’ यापेक्षा ‘माझी मुलगी कुठून कुठे आणि किती वाजता जाते’ हा प्रश्न अधिक कामाचा आहे, आणि त्यावर काही उपायही करता येतात.

कार्यालयाची वेळ तासाभराने अलीकडे किंवा पलीकडे करून मिळेल का, हे तिने विचारून पाहावे. परळच्या अनेक कार्यालयांत अशी सवलत मिळते आणि सकाळी सातची लोकल आणि सव्वाआठची लोकल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. संध्याकाळचा प्रवास तुलनेने सुधारला आहे, कारण मार्च २०१९ पासून काही लोकल परळहूनच सुटतात. ती कदाचित त्यांपैकीच एखादी पकडत असेल आणि बसून घरी येत असेल, जे तुम्ही पाहिलेलेच नाही. दारे बंद होणाऱ्या वातानुकूलित लोकलही या मार्गावर आहेत, भाडे मात्र बरेच जास्त आहे. वर्षभरानंतर पगार वाढला, तर त्या वाढीचा पहिला वाटा घर जवळ आणण्याकडे वळवावा, नव्या मोबाइलकडे नको. भांडुप-मुलुंडकडे चौघींनी मिळून घर घेतले, तर भाडे वाढेल, पण प्रवासाचा वेळ मोठ्या प्रमाणात वाचेल. सुरुवातीचे काही महिने अनामत रकमेचा भार तुम्ही उचलू शकत असाल, तर तिला परत बोलावण्याच्या खटाटोपापेक्षा तो पैसा अधिक चांगला लागेल.

आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आलेली दिसत नाही. तुम्ही तिच्या प्रवासाचा अंदाज ज्या डब्यावरून बांधला, त्या डब्यातून ती जातच नाही. महिलांचा डबा ही निराळीच दुनिया आहे, जिथे तुम्हाला प्रवेश नाही. तिथेही रेटारेटी होते, भांडणे होतात आणि ती तोंडाने चांगली धारदार होतात. पण तिथे चढताच ‘कुठे उतरणार?’ असे विचारून जागा बोलून ठेवण्याची रीत आहे, तिघींच्या बाकावर चौथीला टेकायला जागा करून देण्याची पद्धत आहे, परतीच्या गाडीत मेथी निवडणाऱ्या बायका आहेत, आणि रोजची गाडी एकच असेल तर संक्रांतीला डब्यातच वाण लुटले जाते. मी स्वतः एकवीस वर्षे अशा डब्यातून गेले आणि माझ्या दोन जवळच्या मैत्रिणी मला तिथेच मिळाल्या. तुमच्या मुलीचा असा गट जमला आहे की नाही, हे मला माहीत नाही, पण तुम्ही विचारू शकता. आठ महिन्यांत तिला डब्यात नावाने हाक मारणारे कोणी असेल, तर तिचे बस्तान बसू लागले आहे असे समजावे.

‘कोण, कुठले’ असे कोणी विचारले नाही, ही तुमची खंत मला नेमकी कळते. आपल्याकडे बसस्थानकावर शेजारी बसलेला माणूस दहा मिनिटांत आपले गाव, शाळा, सोयरे आणि पाऊसपाणी विचारून मोकळा होतो, आणि त्या विचारण्यातून आपण कोणीतरी आहोत याची पोच मिळते. तुम्ही ज्या गावात तीस वर्षे ‘सर’ आहात, तिथून उठून जिथे नुसते ‘काका’ होता, तिथे काहीतरी हिरावल्यासारखे वाटणारच. मोर्चाच्या वेळची मुंबई तुम्हाला आवडली होती, याचे कारण त्या दिवशी तुम्ही आपल्या दोनशे माणसांच्या मधोमध होतात. परंतु हीच गोष्ट मुलीच्या बाजूने पाहा. ती गावात चौकातून एकटी गेली, की ती घरी पोचण्याआधी बातमी पोचत असेल. ‘सरांची मुलगी’ म्हणून मिळालेला मान आणि त्याच नात्याने झालेली पाळत, दोन्ही तिने बारा-पंधरा वर्षे अनुभवली आहेत. कोणी न विचारणे तिला एकटेपण वाटते की मोकळीक, किंवा सोमवारी एक आणि शनिवारी दुसरे, हे तिच्याखेरीज कोणालाच सांगता येणार नाही.

मात्र एक चौकशी तुम्ही अवश्य करा. रात्री दोन वाजता ताप चढला, तर ती कोणाला उठवेल? ‘माझ्या खोलीतल्या अमुक मुलीला’ असे उत्तर न अडखळता आले, तर शेजारच्या दाराला कुलूप होते याची फार चिंता करू नका. उत्तर यायला वेळ लागला, तर ती चिंता खरी आहे आणि ती आधी तिच्याशी बोलून, मग डोंबिवलीतील एखाद्या परिचित कुटुंबाशी तिची गाठ घालून देऊन दूर करता येईल. लातूर-नांदेडकडील बरीच कुटुंबे कल्याण-डोंबिवलीत स्थिरावलेली आहेत. तुमच्याच शाळेचा एखादा माजी विद्यार्थी तिथे निघेल, याविषयी मला शंका नाही.

गाद्यांविषयी फार लिहीत नाही. गिरणगावात कोकणातले आणि घाटावरचे कामगार एकेका खोलीत पंधरा-वीस जण राहत, पाळ्यांप्रमाणे झोपत आणि खाणावळीत जेवत, त्या मानाने चौघींचे घर पुष्कळ ऐसपैस आहे. तुम्ही भाडेकरार नोंदणीकृत आहे का, त्यावर चौघींची नावे आहेत का, अनामतीची पावती आहे का आणि दाराला आतून कडी नीट लागते का, एवढे पाहून या. घाईघाईत लोखंडी कॉट घेऊन देऊ नका, दिवसा ती कुठे उभी करायची हा त्यांच्यापुढे नवाच प्रश्न उभा राहील.

राहिला प्रश्न लातूरच्या नोकरीचा. ती वाईट आहे, असे मी समजत नाही. आईवडील जवळ, प्रवास दहा मिनिटांचा आणि राहणीचा खर्च कमी, हे फायदे खरे आहेत, आणि एखाद्या दिवशी ती स्वतःहून ते मोजून परत येईल, तर त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु तुम्ही आज बोलावणे धाडले, तर मुंबईतली आपली आठ महिन्यांची धडपड बाबांनी एका सकाळी पाहिली आणि रद्द ठरवली, एवढाच अर्थ तिला त्यातून कळेल. तुमच्या पत्नीचे म्हणणे योग्य आहे. तुमच्या दोन पानांच्या पत्रात मुलीच्या तोंडचे एकच वाक्य आहे, ‘‘बाबा, उद्यापासून आपण अकरानंतर निघू.’’ तुम्ही ते ओझरते लिहून पुढे गेलात. मला ते पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटले, कारण वडिलांना गर्दीचा त्रास झाला हे तुम्ही न सांगताही तिने ओळखले, त्याचा गवगवा केला नाही, आणि त्या शहराचे घड्याळ तिला पाठ असल्यामुळे तिथल्या तिथे तोडगाही काढला. जी मुलगी वडिलांना असे सांभाळून घेते, तिला ‘तुला इथे राहायचे आहे का’ असा सरळ प्रश्न विचारता येतो. फक्त तो फोनवर नको, आणि ‘परत ये’ या सुरात तर नकोच.

त्यासाठी पुन्हा मुंबईला जा, शक्यतो पावसाळा टाळून, आणि चार दिवसांऐवजी आठ दिवसांसाठी. पहिले दोन दिवस तिच्याबरोबर कुठेही जाऊ नका. ती कामावर जाईल, तुम्ही डोंबिवलीत फिरा, भाजी आणा, वाचनालय शोधा, संध्याकाळी ती किती वाजता आणि कोणत्या चेहऱ्याने घरी येते ते पाहा. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला शहर आपली स्थानके आणि देवळेच दाखवते. घरी कोणाची तरी वाट पाहत बसलेल्याला ते थोडे निराळे दिसते. नंतर तिच्या सुटीच्या दिवशी अकरानंतर दोघे मिळून निघा, आणि तो दिवस रविवार असेल तर मेगाब्लॉक कुठे आहे ते आधी तिला पाहू द्या. तिकीट या वेळी मुद्दाम भायखळ्याचे काढा. अपघाताने तुम्ही जिथे उतरलात ते स्थानक देशातील सर्वांत जुन्या स्थानकांपैकी आहे आणि त्याच्या जीर्णोद्धाराला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला आहे. त्या सकाळी तुम्हाला वर मान करून पाहण्याची सवडच नव्हती. तिथून राणीची बाग चालत जाण्याजोगी आहे, फक्त ती बुधवारी बंद असते.

बागेत सावलीला बसलात, की त्या वीस-पंचवीस मिनिटांत भायखळ्याच्या फलाटावर तुमच्या मनात काय काय येऊन गेले, ते तिला सांगा. काही त्रास झाला नाही, असे तुम्ही म्हणालात आणि तिने ते मान्य केल्यासारखे दाखवले. आणि फोन लागत नसताना, गाडीतून बाबा उतरले नाहीत हे पाहून, दादरच्या गर्दीत एकटी उभी असताना तिने काय केले, कोणाला विचारले, किती गाड्या डोळ्यांत तेल घालून तपासल्या, हे तुम्हीही तिला अजून विचारलेले नाही.